लस आणि वंश : एका भीतीचा इतिहास

भोपाळच्या नैर्ऋत्य भागातील कोटरा सुल्तानाबादसारख्या वस्तीत राहणारा मराठी माणूस उंबऱ्याबाहेर पडला की काही शब्दांचे अर्थ त्याच्यापुरते बदलतात. 'टीका' हा त्यांपैकी एक. घरात बोलताना टीका म्हणजे दोषदिग्दर्शन. शेजारच्या हिंदी घरात टीका म्हणजे लस टोचणे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले, तेव्हा नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथून सरकारी नोकरीच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे नव्या भोपाळच्या वसाहतींत विखुरली, आणि हे द्वैत त्यांच्या नित्याच्या बोलण्याचा भाग झाले. शब्दांचा हा योगायोग आम्हांस सूचक वाटतो. कारण ज्या दिवसापासून या देशात लस आली, त्या दिवसापासून तिच्यावरील टीकाही तिच्या पाठोपाठ चालत आली आहे. आणि त्या टीकेतील सर्वांत चिवट भाग असा, की लस टोचल्याने पुरुषत्व जाते, स्त्री वांझ होते, वंश खुंटतो.

अलीकडे २०२१ साली हीच गोष्ट पुन्हा घरोघर बोलली गेली. शिकलेल्या घरांतही लग्नाच्या मुलीला लस द्यावी की नाही याचा खल झाला. या भीतीला अडाणीपणा म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकास तसे करता येत नाही. शंभर-सव्वाशे वर्षे टिकून राहणारी अफवा कशाच्या तरी आधारावर टिकते. तो आधार लशीच्या द्रव्यात आहे, की लस घेऊन दारी आलेल्या माणसाच्या वर्तनात आहे, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

१

प्रथम एक विस्मृत गोष्ट सांगितली पाहिजे. आरंभी विचारवंतांना जी चिंता वाटली ती नेमकी उलट होती. लोक निःसंतान होतील असे नव्हे, तर लोकसंख्या वाढेल असे त्यांना वाटत होते. १७६० साली डॅनिएल बर्नुली या गणितज्ञाने देवीची टोचणी सर्वांस केल्यास सरासरी आयुर्मान सुमारे ३ वर्षांनी वाढेल, असा हिशेब मांडला. हा हिशेब गोस्तनदेवीच्या लशीच्याही आधीचा, म्हणजे खऱ्या देवीच्या द्रव्याने टोचण्याच्या जुन्या पद्धतीवर आधारलेला होता. जेन्नरने १७९६ साली गोस्तनदेवीचा प्रयोग केला आणि १७९८ साली तो प्रसिद्ध केला. त्यानंतर थोड्याच वर्षांत माल्थसने आपल्या लोकसंख्येवरील ग्रंथाच्या सुधारलेल्या आवृत्तीत असे मत दिले, की देवी नाहीशी झाली आणि विवाहांची संख्या मात्र तेवढीच राहिली, तर दुसरे कोणते तरी रोग तेवढेच बळी घेतील. म्हणजे लस ही वंशवृद्धी करणारी वस्तू आहे, हे गृहीतच धरले गेले होते.

आपल्याकडे लस आली ती मुंबईस. १४ जून १८०२ रोजी तेथे तीन वर्षांच्या एका मुलीस पहिली यशस्वी लस टोचण्यात आली. लशीचे द्रव्य बगदाद आणि बसऱ्याच्या मार्गाने आले होते. शीतपेट्या नव्हत्या, तेव्हा एकाच्या दंडावर उठलेल्या फोडातील लस दुसऱ्याच्या दंडात, त्याची तिसऱ्याच्या दंडात, अशा साखळीने ती गावोगाव न्यावी लागे. या पद्धतीस जो विरोध झाला त्याची कारणे वंशाशी संबंधित नव्हती. परजातीच्या मुलाच्या अंगचे द्रव्य आपल्या मुलाच्या अंगात जाणार हे एक कारण. शीतळादेवीचा कोप होईल हे दुसरे. मराठी भाषेने मात्र या वादात आपला तोडगा काढला. रोगास आपण 'देवी' म्हणत होतो. टोचण्यासही 'देवी काढणे' म्हणू लागलो आणि टोचणारा सरकारी नोकर 'देवी डॉक्टर' झाला. देवतेला न दुखवता नव्या विद्येला घरात घेण्याची ही रीत होती. १८७७ साली मुंबईत कायद्याने लस सक्तीची झाली, तोपर्यंत वंश बुडण्याची भाषा या वादात ठळकपणे ऐकू येत नाही.

त्या काळच्या आईबापांचा हिशेब काय होता, हे आपल्या भाषेतच साठवलेले आहे. नववधूला 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' असा आशीर्वाद देत. हा आठाचा आकडा केवळ हौसेचा नव्हता. आठांतील किती हाती लागतील याची शाश्वती नव्हती. पाठोपाठ मुले दगावली, की पुढच्याचे नाव धोंडू, दगडू किंवा केरू असे ठेवीत, म्हणजे काळाची दृष्ट त्या टाकाऊ वाटणाऱ्या नावावरून पुढे सरकावी. ज्या समाजात मुलाचे नाव ठेवतानाही मृत्यूस चुकवावे लागे, तेथे पुष्कळ मुले होऊ देणे हाच एकमेव विमा होता. पुढील विवेचनात ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, अशी आमची विनंती आहे.

२

वंध्यत्वाची अफवा स्पष्टपणे पुढे येते ती प्लेगच्या काळात. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईस आले, ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत त्यांनी लस सिद्ध केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. विज्ञानाच्या दृष्टीने ही उजळ कथा आहे. परंतु त्याच वेळी दुसरी एक कथा घडत होती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे शिपाई घरात शिरू लागले. स्त्रियांची तपासणी, सामानाची होळी, रोग्यांची उचलबांगडी सुरू झाली. टिळकांनी या जुलमाचा निषेध केला, आणि त्याच वेळी प्लेगच्या रुग्णांसाठी हिंदूंचे रुग्णालयही चालविले. २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्यापूर्वी १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या होत्या. एकाच पुण्यात, एकाच साथीत, घरात शिरणारे दोन प्रकारचे हात होते. लोकांनी त्यांतील फरक अचूक ओळखला होता.

लस स्वतः ऐच्छिक असली तरी ती आली त्याच सरकारकडून. तेव्हा अफवा उठल्या. पंजाबातील प्लेगच्या सरकारी वृत्तांतात त्यांची यादीच आढळते : सुई हातभर लांब असते, टोचताच माणूस मरतो, नाही तर सहा महिन्यांनी मरतो, पुरुषांचे पुरुषत्व जाते आणि बायका वांझ होतात, खुद्द जिल्ह्याच्या साहेबाने टोचून घेतले आणि तो अर्ध्या तासात तडफडून गेला. ही यादी आम्हांस फार महत्त्वाची वाटते. कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम अस्तित्वात येण्यास तेव्हा अर्धशतकाहून अधिक अवकाश होता. म्हणजे वंध्यत्वाची भीती त्या कार्यक्रमाने जन्मास घातली नाही. परके सरकार घरात शिरले, बायकांच्या अंगास हात लावू लागले, तेव्हा शेवटी ते आपल्या वंशासही हात लावील, हा तर्क लोकांनी स्वतःच केला.

यावर त्या काळी जो उपाय चालला तोही नोंदण्याजोगा आहे. मुंबईत तिसऱ्या आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली, आणि त्यांच्या समाजाचा संशय बराच ओसरला. सरकारी पत्रकांनी जे साधले नाही, ते आपल्या माणसाच्या उघड्या दंडाने साधले. उलट, एका निष्काळजीपणाने किती अनर्थ होतो हे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल येथे दिसले. एका दूषित बाटलीतून लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिन यांच्यावर आला. त्यांना पदावरून दूर केले गेले. १९०७ साली ते निर्दोष ठरले. परळच्या ज्या प्रयोगशाळेस १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले, ती आजही उभी आहे. पण मलकोवालची बातमी जितक्या वेगाने पसरली, तितक्या वेगाने त्यांची निर्दोषता पसरली नाही.

३

आता भोपाळकडे वळू. १८९१ च्या जनगणनेत भोपाळ संस्थानची लोकसंख्या सुमारे साडेनऊ लाख होती. १९०१ मध्ये ती सुमारे ६ लाख ६६ हजारांवर आली. दहा वर्षांत जवळजवळ तीन दशांश माणसे कमी झाली. हे कशाने झाले? दुष्काळाने, आणि त्याच्या मागोमाग येणाऱ्या रोगराईने. अशा उजाड संस्थानाच्या गादीवर १९०१ साली सुलतान जहान बेगम आल्या. शाळा, पाणीपुरवठा, स्वच्छता यांच्याबरोबर प्रजेस लस टोचण्याचे कामही त्यांनी मोठ्या प्रमाणावर चालविले. ज्या राज्यकर्तीला आपले राज्य माणसांनी भरून यावे असे वाटत होते, तिने लस हे त्याचे साधन मानले. लशीने वस्ती घटते असे म्हणणाऱ्याने भोपाळचे हे दशक डोळ्यांपुढे आणावे. वस्ती घटली ती लशीने नव्हे, उपासमारीने. आणि ती भरून आणण्यासाठीच लस आणली गेली.

साऱ्या देशाचा अनुभवही असाच आहे. आजच्या भारताच्या सीमांत १९११ साली २५.२१ कोटी लोक होते. १९२१ साली ते २५.१३ कोटी भरले. १९१८ चा इन्फ्लुएंझा, प्लेग, दुष्काळ यांनी एका दशकाची सारी वाढ गिळली होती. त्यानंतर मात्र लोकसंख्या कधी घटली नाही. १९५१ साली ती ३६.११ कोटी झाली आणि २०११ साली १२१ कोटींच्या पलीकडे गेली. लशींचा प्रसार ज्या काळात सर्वाधिक झाला, त्याच काळात ही वाढ झाली, हे निराळे सांगावयास नको.

४

मग स्वतंत्र भारतात ही भीती पुन्हा का बळावली? येथे संततिनियमनाचा इतिहास लशीच्या इतिहासाला येऊन मिळतो, आणि तो बऱ्याच अंशी महाराष्ट्रात घडला आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, नोकरी गमावली, आणि १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. त्यांच्या मतांविषयी कोणास काहीही वाटो. त्यांच्या मार्गाविषयी एक गोष्ट निर्विवाद आहे. त्यांनी कोणावर सक्ती केली नाही. शब्द हेच त्यांचे साधन होते. वाचकास न पटल्यास तो मासिक मिटून ठेवू शकत होता.

सरकारने १९५२ साली हे काम हाती घेतले आणि हळूहळू साधन बदलले. १९७५ चे वर्ष या दृष्टीने विलक्षण आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात भारतातील देवीचा अखेरचा रुग्ण आढळला. शेकडो वर्षांचा शत्रू लशीने संपविला. त्यानंतर महिनाभरातच, २५ जूनला, आणीबाणी पुकारली गेली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. शिक्षक, तलाठी, आरोग्यसेवक या सर्वांवर ठरावीक संख्येचा भार टाकण्यात आला. काल जो माणूस देवी काढावयास येत होता, तोच आज नसबंदीच्या 'केसेस' शोधीत येऊ लागला. शाळेत टोचणीच्या नावाखाली मुलांची नसबंदी करतात, अशा अफवा उत्तर भारतात उठल्या आणि आईबापांनी मुलांस घरी ठेवले. ती बातमी खोटी होती. पण ती खरी मानण्यास लोकांपाशी कारण होते. सरकारने स्वतःच सुई आणि सुरी एकाच पिशवीत ठेवली होती. देवीवरील विजयाने जो विश्वास मिळविला होता, तो दोन वर्षांत उधळला गेला.

भोपाळच्या वाट्यास याहून निराळे दुःख आले. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री कीटकनाशकांच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि प्रामुख्याने जुन्या शहरातील वस्त्यांवर पसरला. त्यानंतरच्या काळात गॅसपीडित स्त्रियांत गर्भपाताचे प्रमाण फार वाढल्याचे वैद्यकीय पाहण्यांत दिसले. म्हणजे एका रसायनाने खरोखरच कुसवा उजाडल्या, हा या शहराचा प्रत्यक्ष अनुभव आहे. आणि त्याविषयीची माहिती, भरपाई, उपचार यांसाठी लोकांना वर्षानुवर्षे झगडावे लागले, हाही अनुभवच आहे. पुढे २०२० च्या अखेरीस करोनाच्या एका लशीच्या चाचणीत गॅसपीडित वस्त्यांतील गरिबांना पुरेशी माहिती न देता घेतले, असे आरोप याच शहरात झाले; संबंधित संस्थेने ते नाकारले. अशा शहरातील बाईने 'यात काय आहे, आणि याने माझ्या मुलीला पुढे मूल होईल ना?' असे विचारले, तर तो प्रश्न आम्ही अज्ञानाच्या सदरात घालणार नाही.

५

या प्रश्नास खरे उत्तर द्यावयाचे तर एक नाजूक गोष्ट लपवून चालणार नाही. गर्भधारणा रोखणारी लस करण्याचा प्रयत्न खरोखरच झाला होता, आणि तो आपल्याच देशात झाला. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा विज्ञान संस्थेत डॉ. जी. पी. तलवार यांनी गर्भ टिकण्यास आवश्यक असलेल्या एका संप्रेरकाविरुद्ध लस तयार केली. शरीराने त्या संप्रेरकाची दखल घ्यावी म्हणून तो धनुर्वाताच्या निर्विष केलेल्या विषाशी जोडला होता. १४८ स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. ती चाचणी उघड होती. परिणाम तात्पुरता होता. पुढे त्या स्त्रियांना गर्भधारणा होऊ शकत होती. आणि ती लस सार्वत्रिक वापरात आली नाही. परंतु 'धनुर्वात' आणि 'गर्भ' हे दोन शब्द एकत्र आले एवढे निमित्त पुरले. नव्वदीच्या दशकात मेक्सिको आणि फिलिपाइन्समध्ये, २०१४ साली केनियात, धनुर्वाताच्या साध्या लशीतच गर्भनाशक द्रव्य मिसळले असल्याचा बोभाटा झाला. वस्तुस्थिती अशी, की गरोदर स्त्रियांना देण्यात येणाऱ्या याच साध्या लशीने नवजात अर्भकांचा धनुर्वात आटोक्यात आणला, आणि २०१५ साली भारतातून त्याचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. जिच्यावर वंश बुडविल्याचा आळ, तीच बाळंतिणीच्या कुशीतील मूल वाचवीत होती.

पोलिओची कथा सर्वपरिचित आहे. तिचा विस्तार करीत नाही. २००२ साली देशात १,६०० मुलांना पोलिओ झाला. त्यांतील बहुसंख्य उत्तर प्रदेशातील होती, आणि तेथे 'थेंबांनी मुले पुढे निपुत्रिक होतील' ही अफवा जोरात होती. २००३ साली नायजेरियातील कानो प्रांताने याच संशयावरून लस थांबविली, आणि तेथून पोलिओ अनेक देशांत परत पसरला. उत्तर प्रदेशात मार्ग निघाला तो धर्मगुरू, अलीगढ आणि जामिया येथील विद्यापीठांतील मंडळी आणि त्याच मोहल्ल्यातील बायका यांनी दारोदार बसून बोलण्याने. १३ जानेवारी २०११ नंतर देशात पोलिओचा नैसर्गिक विषाणूजन्य रुग्ण आढळला नाही. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त ठरला. आगाखानांच्या दंडाची युक्ती शंभर वर्षांनी पुन्हा उपयोगी पडली.

करोनाच्या लशीविषयी जी शंका निघाली, तिची नंतर रीतसर परीक्षा झाली. मूल होऊ इच्छिणाऱ्या दोन हजारांहून अधिक अमेरिकन व कॅनडियन स्त्रियांच्या पाहणीत लस घेतल्याने गर्भधारणेची शक्यता कमी झाल्याचे दिसले नाही. उलट, पुरुषास प्रत्यक्ष करोना झाल्यास काही काळ ती घटल्याचे आढळले. येथे एक न्याय्य तक्रारही नोंदली पाहिजे. लस घेतल्यावर पाळी पुढेमागे होते, असे पुष्कळ स्त्रिया म्हणत होत्या, आणि प्रथम त्यांस कोणी दाद दिली नाही. पुढे मोजमाप झाले तेव्हा सरासरी एका दिवसाहून कमी आणि तात्पुरता फरक खरोखरच आढळला. बायकांचे म्हणणे आधीच ऐकले असते, तर त्या लहान सत्यावर मोठ्या असत्याचे कलम झाले नसते.

६

अखेरीस लोकसंख्येचा प्रश्न. टीकाकार म्हणेल, 'लसीकरण वाढले आणि जन्म घटले, हे तर तुमचेच आकडे सांगतात.' आकडे तसे आहेत खरे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये दर स्त्रीमागे सरासरी ३.४ मुले होत. २०१९-२१ मध्ये २. मध्य प्रदेशात हा आकडा २ आणि महाराष्ट्रात १.७ आहे. याच काळात सर्व प्राथमिक लशी मिळालेल्या बालकांचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांवरून सुमारे ७६ टक्क्यांवर गेले.

परंतु यावरून वंध्यत्व सिद्ध होत नाही. लशीने स्त्री वांझ होत असती तर पहिलेच मूल होईनासे झाले असते. आपल्याकडे कमी झाले ते तिसरे, चौथे आणि पाचवे मूल. विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रियांनी मुले झाल्यावर शस्त्रक्रिया करून घेतली आहे; ज्यांना मूल होतच नाही त्या ती कशाला करून घेतील? शिवाय फ्रान्समध्ये कुटुंबे लहान होऊ लागली ती जेन्नरच्या लशीच्याही आधी. तेथे तर दोष देण्यास लसच नव्हती. आणि करोनाची लस आली तोवर भारतातील जन्मदर या पातळीस पोहोचलाच होता.

लशीचा आणि जन्मदराचा संबंध आहे, पण तो निराळ्या वाटेने जातो. १९७१ साली देशात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १२९ पहिल्या वाढदिवसापूर्वी दगावत. २०२० साली हे प्रमाण २८ वर आले. मुले जगू लागली, म्हणजे जादा मुलांचा विमा उतरविण्याचे कारण उरले नाही. मुलींचे शिक्षण, लग्नाचे वाढलेले वय, संततिनियमनाची साधने यांचाही यात मोठा वाटा आहे. परंतु हातचे मूल जाणार नाही हा विश्वास त्यांच्या मुळाशी आहे. अफवेत सत्याचा अंश आहे तो एवढाच. लस लहान कुटुंबाकडे नेते, पण ती वाट आईबापांच्या स्वतःच्या निर्णयातून जाते. आज धोंडू, दगडू ही नावे जन्मनोंदणीत क्वचितच दिसतात, याचे एक कारण हेच असावे असे आम्हांस वाटते. मध्य प्रदेशास मात्र समाधान मानण्यास जागा नाही. २०२० साली बालमृत्यूचे सर्वाधिक प्रमाण, हजारी ४३, याच राज्यात होते.

या इतिहासाचे तात्पर्य आमच्या मते असे आहे. लशीने वंश खुंटतो हे म्हणणे प्रत्येक वेळी तपासले गेले आणि प्रत्येक वेळी खोटे ठरले. पण ते प्रत्येक वेळी तेथेच रुजले, जेथे आधी कोणी तरी लोकांच्या देहावर त्यांच्या इच्छेविरुद्ध हक्क सांगितला होता : १८९७ च्या पुण्यात, १९७६ च्या गावोगावी, आणि वेगळ्या रीतीने १९८४ च्या भोपाळात. त्या दंडेलीची किंमत पुढच्या पिढीतील मुलांनी भरली. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगाव येथे गोवराने जी मुले नेली, त्यांतील पुष्कळांना लस मिळालीच नव्हती. म्हणून ज्यांना लस पोहोचवावयाची आहे त्यांनी आकड्यांबरोबर हा इतिहासही जाणून घ्यावा. जी बाई दारात उभी राहून प्रश्न विचारते, तिला उत्तर देण्यास वेळ काढावा, आणि ठाऊक असलेले सर्व, गैरसोयीचे असेल तेही, तिला सांगावे. ती बहुधा हो म्हणेल. ती नाही म्हणाली, तर पुन्हा जाण्यास पुढचा आठवडा आहेच.